सरकारच्या तोंडचा शब्द

विजयकरांच्या घरात मासळीवाचून पान वाढलं जात नसे, आणि पुतळाबाईवाचून त्या घरात मासळी येत नसे. गिरगावात ठाकूरद्वारच्या अलीकडे मोरोबाच्या वाडीत हे पाठारे प्रभूंचं घर तीन पिढ्या नांदत होतं. श्यामकांत विजयकर फोर्टात सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांची बायको वासंतीबाई. वाडीच्या मागच्या अंगाला कोळ्यांची चार-पाच बिऱ्हाडं होती, त्यातल्या एका खोलीत पुतळाबाई राहायची. नवरा होडीवर गेला तो परत आला नव्हता. मुलगी सोनू शीवच्या कोळीवाड्यात दिलेली. घरात ती आणि तिचा मुलगा लवू.

दोघी साधारण एका वयाच्या. रोज सकाळी पाटी उतरली की भांडण ठरलेलं.

"हे पापलेट कालचं आहे, पुतळाबाई."

"कालचा? बाय, याचे डोले बघ. तुज्यापरीस ताजा हाय त्यो."

मग वासंतीबाई हसायच्या, पुतळाबाई पायरीवर बसून तंबाखू मळायची, आणि दोघींच्या गप्पा श्यामकांतांच्या ऑफिसची वेळ होईपर्यंत चालायच्या.

वासंतीबाई खादी नेसायच्या. बेचाळीस साली येरवड्याच्या तुरुंगात जाऊन आलेल्या. त्याच साली वॉरंट निघालेला एक तरुण कार्यकर्ता त्यांच्या पोटमाळ्यावर महिनाभर लपून होता. त्याचं जेवण, त्याचे निरोप, त्याचा ताप, सगळं वासंतीबाईंनी केलं. स्वराज्य आल्यावर तोच तरुण पक्षाचा उमेदवार म्हणून त्या भागातून उभा राहिला. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. वासंतीबाईही म्हणू लागल्या.

ती पहिली निवडणूक. बायांना मत म्हणजे काय, कुठे द्यायचं, कशाला द्यायचं, काही ठाऊक नव्हतं. वासंतीबाईंनी बिस्किटांचे रिकामे डबे आणले, त्यांवर एकेक चित्र चिकटवलं, पटांगणात मांडले आणि वाडीतल्या बायांकडून कागदाचे कपटे टाकून घेतले. कुणी नाव सांगायला लाजे, कुणी "मी अमक्याची आई" म्हणे. वासंतीबाई दटावत, "अमक्याची आई नाही. तुझं नाव सांग. सरकारला तुझं नाव हवंय."

पुतळाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "म्हंजी गोऱ्याचा राज गेला, आन तुमचा आला."

"तुमचा नाही गं, आपला. तुझासुद्धा. तुझ्या चिठ्ठीवाचून त्यांना खुर्ची नाही मिळायची."

"माज्या चिठ्ठीवाचून?" पुतळाबाई एवढ्यानं हसली की गॅलरीतली माणसं वाकून पाहू लागली.

मतदानाच्या दिवशी ती लग्नाला निघाल्यासारखी नटून आली. हिरवं लुगडं, अंबाड्यात नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच माळलेली अबोलीची वेणी. रांगेत तिनं वासंतीबाईंचा हात घट्ट धरून ठेवला होता. बैलजोडीच्या पेटीत चिठ्ठी टाकून बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई तिनं समोर येईल त्याला दाखवली. पुढे कित्येक दिवस बाजारात कुणी मासळीला नाव ठेवलं की ती म्हणे, "नीट बोल. सरकार हाय मी."

भाऊसाहेब निवडून आले आणि सरकारात गेले. वासंतीबाईंनी वाडीत पेढे वाटले.

मग मुंबईचा प्रश्न आला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की वेगळी ठेवायची, यावरून घराघरांत बोलणी होऊ लागली. वासंतीबाईंना मुंबई महाराष्ट्रातच हवी होती. पण रस्त्यावरच्या घोषणा त्यांना पटत नसत. "आपणच बसवलेली माणसं आहेत," त्या म्हणत. "सांगू त्यांना. इंग्रज थोडेच आहेत ऐकून न घ्यायला?" पंचावन्नच्या नोव्हेंबरात फोर्टात गोळ्या चालल्या, माणसं पडली, तेव्हा शेजारच्या कांताबाईंनी त्यांना जिन्यातच अडवलं. "आता काय म्हणता?" वासंतीबाई म्हणाल्या, "चौकशी होईल. आपल्या राज्यात चौकशी होतेच." त्यांचा खरोखरच तसा विश्वास होता.

लवू तेव्हा बाविशीचा. ऑपेरा हाउसजवळच्या एका मोटार गॅरेजात कामाला होता. हात कायम तेलानं काळे. आईला ते आवडायचं नाही, "माशाचा वास बरा, ह्यो नको," म्हणायची. वासंतीबाईंना तो मावशी म्हणे. घोषणा द्यायला त्याला फार आवडायचं. गच्चीवर चढून एकटाच ओरडायचा, आणि खालून कुणी साथ दिली की खूश व्हायचा.

जानेवारीत रेडिओवरून सांगितलं गेलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती दिल्लीच्या हाताखाली राहील. दुसऱ्या दिवसापासून गिरगाव पेटलं. ट्राम बंद, दुकानं बंद, रस्त्यावर काचा आणि दगड. परळ-लालबागकडूनही तेच ऐकू येई. गोळीबाराचा आवाज वाडीतून फटाक्यासारखा वाटे. पहिल्या दिवशी लहान पोरं तर बघायला गॅलरीत पळालीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी लवू जेवता जेवता उठला. पुतळाबाई म्हणाली, "पान टाकून कुठं चाललास?"

"नाक्यावर बघून येतो गं. आलोच."

तो नाक्यावर गेला. तिथे जमाव होता, पोलीस होते. कुणी म्हणतं तो घोषणा देत होता, कुणी म्हणतं त्यानं दगड भिरकावला, कुणी म्हणतं तो पडलेल्या एका म्हाताऱ्याला उचलत होता. गोळी छातीत लागली एवढं मात्र नक्की. इस्पितळात पोचेपर्यंत संपलं होतं. संचारबंदी होती, चंदनवाडीच्या स्मशानात चार माणसं गेली आणि मागेपुढे पोलीस. सोनू शीवहून येऊ शकली नाही. पुतळाबाईनं ताटातला भात दुसऱ्या दिवशीपर्यंत झाकून ठेवला होता.

वासंतीबाई तिच्याकडे गेल्या, पण खोलीत बायांची गर्दी होती आणि त्यांना पाहून सगळ्या गप्प झाल्या. त्या दाराशी उभ्या राहून परत आल्या.

दोन दिवसांनी श्यामकांतांनी वर्तमानपत्र उघडलं. सरकारचं निवेदन होतं. वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. वासंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा."

"नको."

"वाचा हो."

त्यांनी वाचलं. गोळीबार करावा लागला तो गुंडांना आवरण्यासाठी, असं त्यात म्हटलं होतं.

वासंतीबाई बाहेर आल्या. त्यांनी पेपर हातात घेतला, चष्मा लावला, पुन्हा वाचला. मग घडी घालून तो टेबलावर ठेवला आणि आत जाऊन विझलेली चूल फुंकत बसल्या.

पुतळाबाई महिन्याभरानं पुन्हा पाटी घेऊन निघाली. पोट कुणाला सुटलंय? वाडीत तिची हाळी ऐकू आली तशा वासंतीबाई लगबगीनं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. पुतळाबाई त्यांच्या पायरीपाशी आली, थांबली नाही, पुढे गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. वाडीतल्या बाकीच्यांनीही विजयकरांना वाळीत टाकल्यासारखंच केलं होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही, दारावर कुणी शेण फासून गेलं. ते सगळं त्यांनी मुकाट्यानं धुऊन काढलं. पण पायरीवरून पुढे जाणारी ती पाटी त्यांना बघवेना.

शेवटी एका संध्याकाळी त्या मागच्या अंगाला गेल्या. पुतळाबाई एकटीच होती, जाळं विणत बसलेली. तिनं पाट सरकवला नाही, पण जा असंही म्हटलं नाही. वासंतीबाई जमिनीवर बसल्या.

"तूच मना हात धरून नेलतंस," पुतळाबाई म्हणाली. रागानं नव्हे, आठवून आठवून बोलावं तशी. "तूच बोललीस, सरकार म्हंजी तू. मंग माज्या पोरावर गोळी कुनी घातली गो? मीच?"

वासंतीबाई जमिनीवर पडलेलं सूत उचलून गुंडाळू लागल्या.

"मेला त्यो मेला. दर्यात गेला असता तरी मेलाच असता. बाप गेला तसा." तिनं सूत दातांनी तोडलं. "पन कागदात छापलंय, गुंड व्हते. सोनूच्या सासरी वाचून दावलं तिला. त्यानं धोंडा मारला बी असंल बाय, मी न्हवते तिथं. गरम डोक्याचा व्हता. पन गुंड? तुज्या भाऊसायबाला ठावं नसंल, तुला ठावं हाय. तू त्याला न्हानपनापास्नं बघितलाय."

"हो गं."

"मंग सांग त्यांना. दुसरं काय नको मना. पैसा नको, फोटो नको. ज्या तोंडानं गुंड बोलले त्याच तोंडानं बोला म्हनावं, पुतळाबाईचा लवू गुंड नव्हता. येवढा शब्द आनून दे."

वासंतीबाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला. पुतळाबाईनं आपला हात जाळ्यातून काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी वासंतीबाई भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेल्या. तेव्हा ते भेटले नाहीत. पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या. दारावरचा शिपाई ओळखू लागला. अखेर भेट झाली तेव्हा भाऊसाहेब मनापासून उठून उभे राहिले. "वहिनी, तुम्ही निरोप धाडायचा होता. मीच आलो असतो."

"मग चला," वासंतीबाई म्हणाल्या. "आमच्या वाडीत चला. एका आईला भेटा."

त्यांनी सगळं सांगितलं. भाऊसाहेब मान खाली घालून ऐकत होते. लवू त्यांनाही माहीत होता; बेचाळीस साली पोटमाळ्यावर पाणी नेऊन देणारं पोर तोच.

"तुम्हांला वाटतं मला दुःख झालं नाही?" ते म्हणाले. "पण वहिनी, सरकार असं चालत नाही. लोकांनी निवडून दिलंय, पाच वर्षांसाठी अधिकार दिलाय. रस्त्यावर कुणी राज्य हिसकावू लागलं तर आवरणं भागच असतं. उद्या दुसरं सरकार आलं तरी हेच करील."

"आवरलंत ना. त्याबद्दल मी आलेच नाही. तो गुंड नव्हता एवढं म्हणा."

भाऊसाहेब खिडकीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एकासाठी म्हटलं तर सगळ्यांसाठी म्हणावं लागेल, वहिनी."

"मग म्हणा ना."

चहा आला. वासंतीबाईंनी कपाला हात लावला नाही. येताना त्या चर्नी रोडपर्यंत चालत आल्या. रस्त्यात एका पाणपोईपाशी थांबून त्यांनी तोंड धुतलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण रडत होतो.

त्या आठवड्यात त्यांनी पक्ष सोडला. श्यामकांत म्हणाले, "तू आत राहिलीस तर निदान बोलशील तरी." त्या म्हणाल्या, "कुणाशी?" श्यामकांतांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

वर्ष उलटलं. सत्तावन्नची निवडणूक आली. वारं फिरलेलं होतं. भाऊसाहेबांच्या सभा धड होत नव्हत्या. तरी ते मोरोबाच्या वाडीत आले. पटांगणात छोटं व्यासपीठ, चारी बाजूंना पोलीस, गॅलऱ्या माणसांनी खचाखच भरलेल्या. वासंतीबाई पुतळाबाईच्या दारी जाऊन म्हणाल्या होत्या, "आज मी सगळ्यांदेखत विचारते. तू ये." पुतळाबाई आली. मागे, नळापाशी उभी राहिली.

भाऊसाहेब बोलायला उभे राहिले तशा वासंतीबाईही उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, मत मागायला आलात, मागा. पण आधी एक वाक्य बोला. पुतळाबाईचा लवू गुंड नव्हता."

सगळं पटांगण चिडीचूप झालं. भाऊसाहेबांनी चष्मा काढला. नळाकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. वासंतीबाई पुढे शपथेवर सांगत की ते बोलणार होते. त्यांच्या चेहऱ्यावर त्यांना पोटमाळ्यावरचा तो तापानं फणफणलेला मुलगा दिसला होता.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून कुणीतरी गर्जलं, "हुतात्मा लवू कोळी..."

"अमर रहे!" सगळी वाडी ओरडली. मग थांबेचना. चपला आल्या, टमाटे आले, टेबल उलटलं. पोलिसांनी भाऊसाहेबांना मधे घेऊन गाडीत बसवलं. वासंतीबाई हात वर करून ओरडत होत्या, "थांबा, अरे थांबा, त्यांना बोलू द्या!" कुणाला ऐकू गेलं नाही. पोरांनी त्यांनाच हार घातला.

गर्दी ओसरल्यावर त्या नळापाशी आल्या. पुतळाबाई होती तिथेच उभी होती.

"बोलनार व्हता त्यो," ती म्हणाली.

"हो."

"पोरांनी बोलू नाय दिला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांची घोषणा झाली गो माजा लवू. त्यांचा बी नाय ऱ्हायला, माजा बी नाय."

मतदानाला ती गेली नाही. तिला न्यायला मोटार आली होती, हुतात्म्याची आई म्हणून. तिनं दार लावून घेतलं. वासंतीबाई गेल्या. आडोशाला पेट्यांसमोर त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की बाहेरून अधिकाऱ्यानं विचारलं, "बाई, झालं का?" ज्या पेटीसाठी त्यांनी जन्म घालवला होता तिच्याकडे पाठ करून त्यांनी चिठ्ठी दुसऱ्या पेटीत टाकली. घरी येऊन त्या न जेवता निजल्या.

भाऊसाहेब पडले. नवे आमदार पुतळाबाईच्या घरी आले, पाया पडले, मी प्रयत्न करीन म्हणाले. माणूस भला होता. पण तो विरोधात बसणारा; तो हजारदा म्हणाला तरी ते सरकारचं बोलणं थोडंच होणार होतं? पुतळाबाईला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याच वर्षी तिच्या अंगावरून वारं गेलं आणि सोनू तिला शीवला घेऊन गेली. वासंतीबाई अधूनमधून जाऊन येत. कधी ती ओळखे, कधी नाही.

साठ साली मेच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. गिरगावात गुढ्या उभारल्या, रांगोळ्या घातल्या. वाडीच्या समारंभात वासंतीबाईंनी व्यासपीठावर बसावं म्हणून पोरं बोलवायला आली. "मला बाहेर जायचंय," त्या म्हणाल्या, आणि शीवची बस धरली.

कोळीवाड्यातही ताशे वाजत होते. सोनूबाई दारात सुकट निवडत बसली होती. "आई आज काय बोलायला तयार नाय, मावशी. बघा तुमाला वळखते का."

पुतळाबाई खाटेवर पडली होती. एवढीशी झालेली. वासंतीबाई उशाशी बसल्या. त्यांच्या पांढऱ्या खादीच्या पातळाकडे ती टक लावून बघत राहिली. तिचा एक हात थरथरत वर आला, पदर चाचपला.

"सरकारातनं आलीस?" तिनं विचारलं.

वासंतीबाई म्हणणार होत्या, अगं मी, वासंती. बाहेर ताशांचा कल्लोळ चालला होता. पुतळाबाईचे डोळे इतके स्वच्छ होते, आणि इतकी वाट बघत होते.

"हो," वासंतीबाई म्हणाल्या. "सरकारातून आले."

"काय बोलतो सरकार?"

"म्हणतं..." त्यांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "म्हणतं, पुतळाबाईचा लवू गुंड नव्हता. आमची चूक झाली, म्हणतं."

"तोंडानं बोलले?"

"तोंडानं बोलले. सगळ्यांसमोर."

पुतळाबाई छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येवढ्याला येवढा येळ लावला." आणि तिनं डोळे मिटले. रडली नाही, हसली नाही. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला.

वासंतीबाई बाहेर आल्या तेव्हा सोनूबाई दाराशीच उभी होती. तिच्या हातात सुपडं तसंच होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मावशी, खरंच बोलला सरकार?"

वासंतीबाईंनी मान हलवली. नाही.

सोनूबाईनं ओठ घट्ट मिटले. रस्त्यावरून गुलाल उधळत पोरं चालली होती, त्यातल्या कुणीतरी दोघींच्या अंगावर मूठभर टाकला आणि पुढे गेला. सोनूबाईनं वासंतीबाईंच्या खांद्यावरचा गुलाल हातानं झटकला, पण तो खादीत मुरला होता.

"आईला कंदी सांगू नका," ती म्हणाली. "आत या. भात झालाय, चार घास खाऊन जा."

वासंतीबाई आत गेल्या, पानावर बसल्या. सोनूबाईनं भात वाढला, वर कालवण घातलं. त्यांनी घास उचलला आणि तो तसाच हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या.